दिवेलागणीचं रडणं

आमच्या गल्लीतली सव्वा महिन्याची बाळंतीण परवा रडकुंडीला आली होती. दिवे लागले की बाळ मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन दोन-तीन तास रडायचं. सासूबाई म्हणाल्या, “दृष्ट लागली.” शेजारीण म्हणाली, “तू वातूळ खाल्लंस.” पोरीला वाटलं, चूक आपलीच!

मैत्रिणींनो, चूक कुणाचीच नसते. असं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. बाळाला उभं धरून ढेकर काढा, छातीशी घेऊन फिरवा. सहा महिने अंगावरचं दूधच; घुटी, मध नको. पोटावर डागणं तर मुळीच नको. ताप, हिरवी उलटी, शीत रक्त किंवा दूध न ओढणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून काम उभारलं आणि गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. आज पहिल्या ४२ दिवसांत आशाताई घरी येतात. त्यांना मोकळेपणी विचारा.

आणि संताप अनावर झाला, तर बाळाला गदागदा हलवू नका. दुसऱ्याच्या हाती द्या. त्या संध्याकाळी बाळ मी घेतलं. सासूबाईच सुनेला म्हणाल्या, “जा गं, तासभर पड.”