डांबराची तार

पाक एकतारी झाला की दोनतारी, हे पाहण्यासाठी सुगृहिणी उष्णतामापक लावीत नाही. थेंब चिमटीत धरून ती बोटे दूर नेते आणि तार पाहून निर्णय घेते. रस्त्याच्या डांबराची परीक्षाही आरंभी अशीच अनुभवावर चाले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील जाणते कारागीर डांबराचा तुकडा चक्क दाताखाली चावून त्याचा कठीणपणा अजमावीत! १८८८ मध्ये बोवेन यांनी सुईचे यंत्र काढले आणि दातांची सुटका झाली. २५ अंश सेल्सिअस तपमानाला, १०० ग्रॅम भाराखाली सुई ५ सेकंदांत किती रुतते, हे पुढे प्रमाण ठरले.

साध्या डांबराला ही कसोटी पुष्कळ काळ पुरली. परंतु भर वैशाखात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांपलीकडे तापतो. डांबर मऊ पडून अवजड वाहनांच्या चाकांखाली चर उमटतात. थंडीत तेच डांबर ताठरून तडकते आणि भेगांतून पावसाचे पाणी शिरले की खडी सुटू लागते. यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकात फिनिक्स शहरात चार्ल्स मॅकडोनाल्ड या अभियंत्याने तापलेल्या डांबरात जुन्या टायरांचा चुरा मिसळला. डांबरातील हलकी तेले शोषून रबराचे कण फुगतात आणि मिश्रणास लवचिकपणा येतो. काही कृत्रिम पॉलिमरही हेच काम करतात.

मात्र हा गुण केवळ सुईला कळत नाही. पितळी कड्यातील डांबरावर पोलादी गोळी ठेवून ते किती अंशांवर मऊ पडते, हे पाहणारी कसोटीही अपुरी पडते. कारण हवा फुंकून कठीण केलेले साधे डांबरही तेथे उत्तम गुण मिळवू शकते!

म्हणून पाकाच्या तारेसारखी कसोटी योजली गेली. १५ अंशांच्या पाण्यात डांबराची पट्टी १० सेंटिमीटर ताणून मधोमध कापतात आणि तासभर तशीच ठेवतात. मग तुकड्यांची टोके पुन्हा जुळेपर्यंत यंत्र मागे आणतात. ताण ४ सेंटिमीटरवर आला, तर डांबर ६० टक्के पूर्ववत झाले. रबर खरोखर कामी आले की नाही, याची ही साक्ष होय.

दुसरी कसोटी एकजीवपणाची. उभ्या नळीत मिश्रण १६३ अंशांवर ४८ तास ठेवतात. गोठवून तिचे तीन भाग करतात आणि वरच्या व खालच्या भागांची तुलना करतात. रबराचा चुरा जड असल्याने तळाशी बसतो, तर काही पॉलिमर वर तरंगतात. २००४ च्या आयएस १५४६२ या भारतीय मानकात या दोन्ही कसोट्यांना स्थान मिळाले.

येथेच सामान्य नागरिकाचा संबंध येतो. कारखान्यात उत्तीर्ण झालेले डांबर टाकीत न ढवळता पडून राहिले, तर कामावर पोहोचेपर्यंत त्याचे गुण पालटलेले असू शकतात. तेव्हा प्रमाणपत्राइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा असतो तो प्रत्यक्ष कामावर घेतलेला नमुना. पाक बिघडला तर लाडवांचा एक घाणा जातो. डांबर बिघडले तर साऱ्या गावाचा कररूपी पैसा पावसाबरोबर वाहून जातो.