दहा मोठे की बारा?

आमच्या प्रयोगशाळेतील एक मदतनीस शहरापासून अठरा किलोमीटरवरच्या गावात राहतात. संध्याकाळी काम लांबले की त्यांची शेवटची एस.टी. चुकते. म्हणून २०२१ साली त्यांनी मोटरसायकल घ्यायचे ठरवले. विमा, नोंदणी वगैरे सर्व धरून किंमत होती एक लाख रुपये. हातात होते अठ्ठावीस हजार. उरलेल्या ७२,००० रुपयांसाठी दोन मार्ग होते. शोरूममध्येच टेबल मांडून बसलेली एक फायनान्स कंपनी तीन वर्षांसाठी १० टक्के दराने कर्ज देत होती. कर्मचाऱ्यांच्या पतपेढीचा दर होता १२ टक्के. दोन्ही कागद घेऊन ते माझ्याकडे आले. "सर, कुठं सही करू?"

मी कागदांवरून नजर फिरवली आणि म्हणालो, "दहा बारापेक्षा लहान. यात विचारायचं काय?"

हा सल्ला चुकीचा होता, हे मला बऱ्याच उशिरा कळले. शिक्षकांच्या एका शिबिरासाठी व्याजाची उदाहरणे तयार करत होतो. सहज म्हणून तेच आकडे घेतले आणि चपापलो. पाठ्यपुस्तकातले सरळव्याज आपण सगळेच शिकतो व शिकवतो. तरीही चूक कशी झाली, ते पाहू या.

हप्ता कसा ठरला?

कंपनीचा हिशेब अगदी सातवी-आठवीच्या पुस्तकातला होता. मुद्दल ७२,०००, दर द.सा.द.शे. १०, मुदत ३ वर्षे. म्हणून व्याज झाले २१,६०० रुपये. मुद्दल आणि व्याज मिळून ९३,६००. त्याला ३६ महिन्यांनी भागले की हप्ता आला २,६०० रुपये. गुणाकार-भागाकारात कुठेही चूक नाही.

चूक आहे ती गृहीतकात. सरळव्याजाच्या सूत्रात मुद्दल पूर्ण मुदतभर कर्जदाराकडे राहते, असे धरलेले असते. येथे तसे होते का? पहिला हप्ता भरला की मुद्दलाचा काही भाग परत गेलेला असतो. शेवटच्या महिन्यात तर कर्जदाराकडे कंपनीचे जेमतेम अडीच हजार रुपये उरलेले असतात. व्याज मात्र त्या महिन्यासाठीही पूर्ण ७२,००० वर लावलेले आहे! अशा दराला बाजारात 'फ्लॅट रेट' म्हणतात. पतपेढीचे १२ टक्के मात्र दर महिन्याला जेवढी बाकी उरते तेवढ्यावरच होते. म्हणजे दोन्ही कागदांवर 'टक्के' हा एकच शब्द असला, तरी मोजपट्ट्या वेगळ्या होत्या. एक लांबी इंचांत आणि दुसरी सेंटिमीटरांत दिलेली असताना नुसते आकडे पाहून लहानमोठे ठरवावे, तसे मी केले होते.

रुपया-महिने

काळ-काम-वेगाच्या उदाहरणांत आपण 'माणूस-दिवस' मोजतो. तसेच येथे 'रुपया-महिने' मोजू. एक रुपया एक महिना वापरला की एक रुपया-महिना.

कंपनीने व्याज लावले ते ७२,००० × ३६, म्हणजे २५,९२,००० रुपया-महिन्यांवर. प्रत्यक्षात किती वापरले? सोपेपणासाठी समजू, की दरमहा मुद्दलापैकी सारखेच २,००० रुपये फिटतात. मग बाकी ७२,०००, ७०,०००, ६८,००० अशी उतरत शेवटच्या महिन्यात २,००० होईल. या अंकगणिती श्रेढीची बेरीज येते १३,३२,०००. म्हणजे वापर निम्म्याच्या किंचित वर, आणि भाडे मात्र पूर्ण वापराचे. म्हणून खरा दर सांगितलेल्या दराच्या दुपटीच्या जवळ जातो. या अंदाजाने तो १९.५ टक्के येतो.

हा अंदाज थोडा चढा आहे. समान हप्त्यांच्या कर्जात सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा जास्त असतो, मुद्दल हळू फिटते आणि बाकी रक्कम जास्त काळ वापरायला मिळते. मग खरा दर किती?

वर्गात करून पाहा

त्यासाठी मोठे सूत्र लागत नाही. एक दर धरायचा आणि महिन्यामागून महिना हिशेब लिहीत जायचे. समजा, दरमहा १.५ टक्के, म्हणजे वर्षाला १८ टक्के धरले.

पहिला महिना: बाकी ७२,०००, व्याज १,०८०, हप्त्यातून फिटलेले मुद्दल १,५२०, नवी बाकी ७०,४८०.
दुसरा महिना: व्याज १,०५७, फिटलेले मुद्दल १,५४३, नवी बाकी ६८,९३७.
तिसरा महिना: व्याज १,०३४, फिटलेले मुद्दल १,५६६, नवी बाकी ६७,३७१.

असे ३६ ओळींपर्यंत जायचे. वर्गाचे तीन गट करून प्रत्येकाला वेगळा दर द्या. वार्षिक १० टक्के धरणाऱ्या गटाचे कर्ज ३२ व्या हप्त्यातच संपेल. म्हणजे सांगितलेला दर खरा असता तर शेवटचे चार हप्ते भरावेच लागले नसते. २४ टक्के धरणाऱ्या गटाकडे ३६ हप्त्यांनंतरही सुमारे ११,७०० रुपये बाकी उरतील. १८ टक्केवाल्यांकडे उरतील फक्त १४० रुपये. म्हणजे खरा दर १८ हून किंचित कमी आहे. बारकाईने काढला तर १७.९ टक्के. अंदाज करणे, चूक किती व कोणत्या दिशेला आहे ते पाहणे आणि अंदाज सुधारणे ही विज्ञानातली नेहमीची रीत आहे. ती येथे आपोआप शिकवली जाते.

आता पतपेढीचा कागद पाहा. घटत्या बाकीवर १२ टक्के दराने हप्ता येतो २,३९१ रुपये. दरमहा २०९ रुपये कमी. तीन वर्षांत सुमारे ७,५०० रुपये. माझ्या एका वाक्याची ही किंमत होती, आणि ती मी भरलेली नव्हती.

आणखी दोन जागा

पहिली जागा कागदपत्रांच्या खर्चाची. कर्ज देतानाच १,५०० रुपये कापून घेतले, तर हातात पडतात ७०,५०० रुपये. हप्ता मात्र २,६०० च राहतो. एवढ्याने खरा दर १९.४ टक्क्यांवर जातो.

दुसरी जागा 'शून्य टक्के व्याज' या पाटीची. समजा, ७२,००० रुपये १२ हप्त्यांत, दरमहा ६,००० प्रमाणे, बिनव्याजी फेडायचे आहेत. पण एकरकमी पैसे देणाऱ्याला किमतीत ३,००० रुपये सूट आहे. मग उधारीवर घेणाऱ्याला खरे कर्ज मिळाले ६९,००० चे आणि तो फेडतो ७२,०००. हिशेब केला तर दर जवळजवळ ८ टक्के निघतो. व्याज नाहीसे झालेले नाही, ते किमतीत लपले आहे. क्रेडिट कार्डांवरील अशा योजनांबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना हेच बजावले होते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. ते अनेकदा प्रक्रिया-शुल्काच्या रूपाने वसूल केले जाते.

मग रोख घ्यावी का?

पैसे जवळ असतील तर अनेक जण म्हणतात, "ठेव कशाला मोडू? तिच्यावर ७ टक्के मिळतात. कर्ज घेतो." हाही हिशेब करून पाहू. ७२,००० ची ठेव तशीच ठेवली, तर तिमाही चक्रवाढीने तीन वर्षांत सुमारे ८८,६६० रुपये होतात. उलट ठेव मोडून गाडी घेतली आणि वाचलेला २,६०० चा हप्ता दरमहा त्याच दराने आवर्ती ठेवीत भरला, तर सुमारे १,०३,७५० रुपये जमतात. कर सोडून दिला, तर फरक पंधरा हजारांचा. नियम सोपा आहे: कर्जाचा खरा दर ठेवीच्या दरापेक्षा जास्त असेल, तर ठेव मोडणे फायद्याचे.

पण याचा अर्थ कर्ज वाईट असा नाही. घरात आजारपणासाठी ठेवलेली शेवटची पुंजी गाडीत घालणे शहाणपणाचे नाही. आमच्या मदतनिसांकडे पैसे नव्हते आणि गाडीची गरज खरी होती. त्यांना कर्ज घ्यावेच लागणार होते. प्रश्न फक्त कोणते, एवढाच होता.

हा हिशेब आता थोडा सोपा झाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व फायनान्स कंपन्यांनी नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी ग्राहकाला 'मुख्य तथ्यांचे पत्रक' द्यावे लागते. त्यात शुल्के धरून आलेला वार्षिक टक्केवारी दर (ए.पी.आर.) आणि हप्त्यांचा तक्ता असतो. तोंडी सांगितलेला दर सोडून द्यावा आणि सहीपूर्वी हा आकडा पाहावा. कर्ज फिटल्यावर ना-हरकत दाखला व नमुना ३५ घेऊन आर.सी. वरचा बोजा आर.टी.ओ. मधून उतरवून घ्यावा, हेही अनेक जण विसरतात.

शेवटचा हप्ता भरून झाल्यावर मी मदतनिसांना सारे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "माझा पोरगा दहावीला आहे. त्याला हे शिकवतात का, सर?"

शिकवणे आपल्या हाती आहे. पुढच्या वेळी सरळव्याजाचा धडा आला, की मुलांना घरातल्या एखाद्या कर्जाचा फक्त मुद्दल, हप्ता आणि महिने एवढा तपशील आणायला सांगा, नावे नकोत. दर त्यांनाच शोधू द्या.