फुटबॉलचा प्रेक्षक कशाने थकला?

खेळणारा थकतो हे सर्वांना ठाऊक आहे. नव्वद मिनिटे मैदानावर धावल्यावर कोणाचेही पाय जड होतील. परंतु बाहेर बसून पाहणारा थकतो, ही तक्रार त्यामानाने नवी आहे, आणि गेली काही वर्षे ती आम्ही पुनःपुन्हा ऐकत आहोत. तक्रार करणारे हवशेनवशे नव्हेत. १९८६ साली शेजाऱ्याच्या घरी दाटीवाटीने बसून, रात्र जागून, दूरदर्शनवर ज्यांनी माराडोनाचा खेळ पाहिला, त्या आमच्याच वयाच्या लोकांचे हे म्हणणे आहे. "आता पाहवत नाही," असे ते म्हणतात. खेळ बिघडला का, असे विचारले तर तसेही नाही म्हणतात. चेंडू पूर्वीपेक्षा वेगाने फिरतो, खेळाडू अधिक तयारीचे आहेत, मैदाने गालिच्यासारखी आहेत. मग बिघडले काय?

याची दोन उत्तरे सहसा दिली जातात. एक, वय झाले. दुसरे, अति झाले. पहिले उत्तर आम्हांला पटत नाही, कारण पंचविशीतली मुलेही हेच बोलतात. दुसऱ्यात तथ्य आहे. १९८६ च्या विश्वचषकात २४ संघ होते आणि ५२ सामने झाले. २०२६ च्या विश्वचषकासाठी ४८ संघ व १०४ सामने ठरवण्यात आले, म्हणजे बरोबर दुप्पट. रोज पुरणपोळी वाढली तर जेवणाराच हात आखडता घेतो. त्यात २०१८ च्या विश्वचषकापासून चित्रफीत पाहून निर्णय देण्याची रीत मोठ्या स्पर्धांत रुळली. गोल झाला की पूर्वी माणूस उडी मारून शेजाऱ्याच्या गळ्यात पडे. आता तो आधी पंचाच्या हाताकडे पाहतो. आनंद करावा की थांबावे, हे त्याला दोन मिनिटांनी कळते. तोवर आनंद शिळा झालेला असतो.

तरीही हे सगळे वरवरचे आहे. कामगार चळवळीत तीस वर्षे काढल्यामुळे आम्हांला एक खोड जडली आहे. कोणी "थकलो" म्हणाला की काम किती तास, हे आम्ही नंतर विचारतो; आधी विचारतो की काम कोणाच्या हुकमाने चालते, आणि त्यात तुला कोणी विचारतो का? स्वतःच्या शेतात बारा तास राबणारा माणूस दमतो, पण विटत नाही. विटतो तो वेगळ्याच कारणाने.

राग आणि वीट यांतला फरक नगरकरांना सांगायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या गावात महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या. गादी विभागाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे चीत झाला की नाही यावर वाद पेटला, पंचाला लाथ मारण्यापर्यंत मजल गेली; पुढे किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड कुस्ती पुरी होण्याआधीच बाहेर पडला आणि पृथ्वीराज मोहोळ केसरी ठरला. दोघा मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. त्यानंतर कित्येक दिवस चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. खांदा टेकला, नाही टेकला, यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. झाले ते शोभणारे नव्हते, हे उघड आहे. पण तो प्रेक्षक थकलेला नव्हता. कुस्ती आपली आहे असे ज्याला वाटते तोच असा भांडतो. थकलेला माणूस भांडत नाही, तो चप्पल घालून निघून जातो. फुटबॉलमध्ये आज हे निघून जाणे चालले आहे.

आता पुण्याकडे पाहू. आम्हां नगरच्या लोकांना मोठा सामना पाहायचा म्हणजे पुणेच जवळ. २००७ साली पुणे एफ.सी. हा संघ निघाला. २००९-१० पासून तो देशाच्या आय-लीगमध्ये खेळू लागला आणि २०१२-१३ च्या हंगामात दुसरा आला. २०१४-१५ चा हंगाम संपला आणि संघही संपला. त्याच हंगामात भारत एफ.सी. नावाचा दुसरा संघ पुण्यातूनच उतरला होता. तो एकच वर्ष जगला. मग डी.एस.के. शिवाजीयन्स आला, तो २०१७ मध्ये मिटला. चौथा एफ.सी. पुणे सिटी. हा २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधला, भपक्याचा संघ. २०१९ मध्ये आर्थिक अडचणीत तोही बुडाला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. पुण्याचा नारिंगी सदरा घालून ओरडणारी पोरे इथेच राहिली. त्या हैदराबादने २०२१-२२ च्या हंगामाचे अजिंक्यपद जिंकले. पुढे त्याचीही गत तीच झाली: २०२५ मध्ये तो दिल्लीला हलवला गेला. म्हणजे पुण्यात चार-पाच वर्षांत चार संघ गेले, आणि एक जागा तर बदलीच्या नोकरासारखी पुणे, हैदराबाद, दिल्ली अशी फिरली.

२०१७ च्या हिवाळ्यात आम्ही एमआयडीसीतले दहाबारा जण भाड्याची गाडी करून बालेवाडीला गेलो होतो. मार्सेलिन्हो आणि अल्फारो ही जोडी त्या वर्षी पुण्याकडून खेळत होती, आणि खोटे कशाला बोला, खेळ पाहून डोळ्यांचे पारणे फिटले. परंतु सामना रात्री आठचा. आठच का? तर घरोघरच्या पडद्यासमोर माणसे त्या वेळी बसतात म्हणून. संपेस्तोवर दहा वाजले, गाडी शिरूर ओलांडून नगरला पोचली तेव्हा मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती, आणि आमच्यातल्या चौघांची पाळी सकाळी सातची. गाडीत कोणी कुरकुरले नाही. त्यांना विचारायला हवे होते आम्हांला: ही वेळ ठरवताना बालेवाडीच्या बाकावर बसणारा माणूस कोणाच्या डोळ्यांसमोर होता का? तो तिथे होता तो पडद्यावर गर्दी दिसावी म्हणून. दीड वर्षाने संघच गेला, तेव्हा आमच्यातला एक वेल्डर एवढेच म्हणाला, "आपल्याला सांगितलंसुद्धा नाही."

हे वाक्य आमच्या मनात घर करून बसले आहे. रातोरात यंत्रे ट्रकवर चढवून कारखाना दुसऱ्या राज्यात नेल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तिथेसुद्धा कामगाराला दाद मागायला जागा होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात नोटीस आणि भरपाई होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली, तिच्याबद्दल आमचे मत वेगळे आहे, पण नोटीस व भरपाई हे शब्द तिच्यातही आहेत. प्रेक्षकाला कसली नोटीस? त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही. तो सभासद नाही, भागीदार नाही, नोकर नाही. तो गिऱ्हाईक आहे. आणि दुकानदाराने दुकान हलवले तर गिऱ्हाईकाला विचारण्याची चाल नाही.

आमच्या मते थकव्याचे मूळ इथे आहे. फुटबॉलच्या प्रेमात पडलेला माणूस स्वतःला गोतावळ्यातला समजतो. समोरचा त्याला गिऱ्हाईक म्हणून मोजतो. हा गैरसमज जितका उशिरा उलगडतो तितका माणूस खचतो.

यावर कोणी म्हणेल की पूर्वी तरी क्लब कोणाच्या मालकीचे होते? आक्षेप रास्त आहे. मुंबईच्या कूपरेजवर १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स चषक अनेक पिढ्यांनी पाहिला. टाटा, मफतलाल, रेल्वे, एअर इंडिया अशा संघांत खेळणाऱ्या पोराला खेळाबरोबर नोकरी मिळे. गुडघा गेला तरी पगार जात नसे. ही मोठीच गोष्ट होती. पण संघ ठेवायचा की मोडायचा हे साहेबाच्या मर्जीवर. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्र युनायटेड पाचएक वर्षांत मोडीत निघाला. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर झालाच नाही. जुने ते सगळे सोने, असे आम्ही म्हणणार नाही. इतकेच की त्या काळी संघातला डावा बचावपटू दुसऱ्या दिवशी तुमच्याच खात्यात कार्ड पंच करताना दिसे. तो तुमचा होता हे सिद्ध करावे लागत नसे.

नव्या लीगने काही चांगले केले हेही नाकारता येत नाही. मैदाने सुधारली, बायकामुलांना घेऊन जाता येईल अशी सोय झाली, खेळाडूला चार पैसे बरे मिळाले. परंतु तिची घडण पाहा. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १५ वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांच्या मोबदल्यात, खेळाचे व्यापारी हक्क एका कंपनीच्या हाती दिले. त्यातून निघालेल्या लीगमध्ये खालून जिंकत वर चढण्याची वाट कित्येक वर्षे नव्हतीच. २०२३ मध्ये पंजाबचा संघ पहिल्यांदा तसा वर आला. गोव्याला हे झोंबले. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी २०१६ मध्ये निषेध म्हणून राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. डेंपोने तर त्याच वर्षी दुसऱ्या वर्गात पहिला येऊन वर जाण्याचा हक्क कमावला होता. गोव्यात फुटबॉल म्हणजे गावोगावच्या चर्चपुढच्या मैदानावरचा खेळ; त्या लोकांवर काय गुजरली असेल, याची कल्पना करावी.

पंधरा वर्षांची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत होती. पुढचा करार होईना, तेव्हा हंगाम लटकला. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळूर एफ.सी.ने पहिल्या संघाचे पगार थांबवले. नोव्हेंबरात नवे हक्क घ्यायला एकही बोली आली नाही. आणि ज्या डिसेंबरात करार संपला, त्याच डिसेंबरात मेस्सी भारतात आला. कोलकात्यात १३ तारखेला लोकांनी हजारो रुपये मोजून तिकिटे काढली. मैदानात तो प्रतिष्ठितांच्या गराड्यात काही मिनिटे दिसला न दिसला आणि निघून गेला. लोकांनी खुर्च्या उखडून फेकल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडेवरचा समारंभ व्यवस्थित पार पडला. तेंडुलकरांनी त्याला आपला सदरा दिला. आम्हांला त्या लोकांना हसायचे नाही. तिथे गेलेल्यांत आमच्या युनियनचा एक पोरगाही होता. पण देशाची लीग बंद, खेळाडू बिनपगारी, आणि न खेळणाऱ्या खेळाडूचे दर्शन घ्यायला तिकीट! जानेवारी २०२६ मध्ये, फेब्रुवारीपासून आखूड हंगाम घेण्याचे जाहीर झाले, तेव्हा आमच्या ओळखीच्या कितीतरी शौकिनांना त्याचा पत्ताही नव्हता. थकवा म्हणतात तो हाच.

प्रेक्षकाने काय करावे? रुसून घरी बसावे, हा एक मार्ग. विनवणीचाही मार्ग आहे. जून २०१८ मध्ये कर्णधार सुनील छेत्रीने "मैदानावर या, हवे तर शिव्या द्या" अशा अर्थाची हात जोडून विनंती केली आणि अंधेरीचे मैदान केनियाविरुद्धच्या सामन्याला भरून गेले. पण विनवणीने मैदान एकदा भरते.

संघटनेचा मार्ग काय करू शकतो ते इंग्लंडात विम्बल्डनच्या लोकांनी दाखवले. २००२ मध्ये त्यांचा क्लब सुमारे ९० किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला नेण्यास परवानगी मिळाली, अगदी आपल्या पुण्यासारखेच. लोकांनी वर्गणी काढली, गावच्या माळावर पोरांची निवड चाचणी घेतली आणि नवव्या पायरीवरून आपला क्लब सुरू केला. नऊ वर्षांत तो चौथ्या पायरीवर पोचला आणि २०२० मध्ये जुन्या मैदानाच्या जवळच नवे मैदान बांधून परत आला. जर्मनीत तर १९९८ पासून दंडकच आहे की क्लबमध्ये मतांचा निम्म्याहून अधिक हिस्सा, थोडे अपवाद सोडले तर, सभासदांच्या हाती हवा. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या लीगने बाहेरचा धनको आणायचे ठरवले, तेव्हा प्रेक्षकांनी आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकून सामने थांबवले. फेब्रुवारीत लीगने बेत सोडून दिला. संपाचे इतके गोड हत्यार आम्ही तरी दुसरे पाहिले नाही.

एवढे लांब जायचेही कारण नाही. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना असला की पेठा ओस पडतात. तिथे क्लब म्हणजे तालीम. तालीम पेठेची, गणपती तिचाच, भांडणेही तिचीच. परदेशी खेळाडू तिथेही आणतात, मारामाऱ्या होतात, पोलिसांना मध्ये पडावे लागते. ते दोष झाकण्याचे कारण नाही. पण शिवाजी पेठेची तालीम कोणी उचलून दिल्लीला नेईल काय? २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

आमच्या एमआयडीसीत संध्याकाळची पाळी सुटल्यावर खेळणाऱ्या मुलांचा एक संघ आहे. क्लबची नोंदणी कशी करायची, म्हणून ती मुले अलीकडे आमच्याकडे आली होती. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसे पुरतात. ती अठरा होती. घटनेचा मसुदा त्यांनी चांगला लिहिला होता. आम्ही एकच कलम वाढवायला सांगितले: क्लबचे नाव, रंग आणि मैदान यांत सर्वसाधारण सभेच्या दोनतृतीयांश मतांवाचून बदल होणार नाही, आणि मत वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकालाही असेल.

"काका, आमचा क्लब विकत कोण घेणार?" एकजण हसून म्हणाला.

कलम मात्र त्यांनी घातले. वर्गणीचे पुस्तक छापून झाले आहे, आणि त्यात पहिली पावती त्या वेल्डरच्या नावाची आहे.