हसनाबादची शिवारफेरी

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, गिरजा नदीच्या खोऱ्यात हसनाबाद आहे. पर्यटनाच्या कोणत्याही नकाशावर त्याला टिंब नाही. वेरूळ-अजिंठ्याला येणारा पाहुणा या तालुक्याच्या कडेने निघून जातो आणि गावकऱ्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही, कारण ‘आमच्याकडे बघण्यासारखे काय आहे’ हा समज आता गावाच्याच अंगवळणी पडला आहे. हा समज चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. हसनाबादहून निघून भोकरदन, अन्वा, आसई आणि राजूर अशी एका दिवसाची, जाणत्या वाटाड्यासोबतची शिवारफेरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही नावाजलेल्या सहलीइतकीच मोलाची ठरेल. तिच्यासाठी लागणारी स्थळे इथे आहेत. ती एका सूत्रात ओवून समजावून सांगणारा माणूस तेवढा नाही.

नेदरलँड्सचे उदाहरण इथे उपयोगी पडते. अॅमस्टरडॅम-रॉटरडॅममध्ये उतरलेले पर्यटक आज खासगी गाडी आणि स्थानिक वाटाड्या घेऊन दिवसभर तिथली खेडी आणि कुरणे पाहतात. त्या मुलखात डोंगर नाहीत, अरण्ये फारशी नाहीत. सपाट गवताळ जमीन, गायी, कालवे आणि पवनचक्क्या एवढाच काय तो देखावा. तरी तो दिवस लक्षात राहतो, कारण वाटाड्या त्या सपाटीमागचा झगडा सांगतो. देशाची सुमारे पाव जमीन समुद्रसपाटीखाली आहे. किंडरडाइकच्या 19 पवनचक्क्या पाणी उपसण्यासाठी उभारल्या गेल्या. 1612 साली बेमस्टरचे तळे कोरडे करून तिथे शेती आली. पाण्याचा कारभार पाहणारी स्थानिक मंडळे तिथे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. किंडरडाइकला 1997 साली आणि बेमस्टरला 1999 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सामान्य शेतजमिनीला हा मान मिळाला तो माणसांनी पाण्याशी केलेल्या व्यवहारामुळे.

हसनाबादच्या शिवारातही हाच व्यवहार आहे, फक्त उलट दिशेचा. डच शेतकऱ्याने पाणी बाहेर काढले. इथल्या शेतकऱ्याला ते धरून ठेवावे लागते. जिल्ह्यात पाऊस साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही लहरी. जमिनीखाली काळा पाषाण. पाणी साठते ते मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे विहीर कुठे खोदली, बांध कसा घातला, नाला कुठे अडवला, शेततळे कुणाच्या वावरात झाले, या प्रश्नांच्या उत्तरांवर इथल्या घरांची बरकत ठरते. 2012-13च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा जळाल्या. त्याच मोसंबीला पुढे 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. एका वावरात उभी बाग आणि शेजारच्या वावरात कापूस किंवा मका का, हे कुणी विहिरीच्या काठावर उभे राहून उलगडून सांगितले, तर शहरातल्या माणसाला मराठवाड्याचा दुष्काळ बातमीपेक्षा कितीतरी नीट कळेल. या परिसराची हिरवी मिरची पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून बाहेर जाते. त्या बाजारातला सकाळचा तास आणि नंतर भाकरी-ठेच्याची न्याहारी हाही या फेरीचाच भाग व्हायला हवा.

पाण्याचेच सूत्र धरून पुढे गेले की इतिहासही आपोआप वाटेवर येतो. केळना नदीच्या काठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. प्रतिष्ठान म्हणजे आजच्या पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे नगर. इथल्या दात्यांची नोंद सांची आणि भारहूतच्या स्तूपांवरील लेखांत आहे. या काठावरून निघालेले दान एवढ्या लांब पोहोचत होते. 1970च्या दशकाच्या आरंभी शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली, नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या सहभागाने इथे उत्खनन झाले. त्यात हस्तिदंतात कोरलेल्या एका स्त्रीमूर्तीचा खालचा भाग मिळाला. इटलीतल्या पाँपेई नगरात 1938 साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या तुकड्याचे साम्य अभ्यासकांना लगेच जाणवले. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्याआधीच दख्खनच्या आतल्या भागातली कारागिरी रोमन घरापर्यंत गेली असावी, असा विचार करायला या तुकड्याने आधार दिला. भोकरदनलाच नदीकाठी खडकात कोरलेली हिंदू लेणी आहेत. तिथून अन्व्याला गेले की साधारण बाराव्या शतकातले मंदिर लागते. आज तिथे महादेवाची पूजा होते, पण बाहेरच्या भिंतींवर विष्णूची आयुधे हाती घेतलेल्या स्त्रीरूपांच्या मूर्ती आहेत. विष्णूच्या निरनिराळ्या रूपांच्या या शक्ती मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने फार दुर्मिळ मानल्या जातात.

आणि मग आसई. 23 सप्टेंबर 1803 रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या दुआबात दौलतराव शिंदे व रघुजी भोसले यांच्या फौजांशी इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले होते. पण केळनेच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे वसलेली त्याला दिसली. अशी गावे असतील तर त्यांच्यामध्ये ये-जा असणारच, म्हणजे उतार असणारच, हा त्याचा तर्क खरा ठरला आणि फौज नदीपार झाली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी शेवटपर्यंत तोफा सोडल्या नाहीत. इंग्रजांचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा सेनापती आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून आसईचेच नाव घेत असे. हिंदुस्थानच्या राजकारणाला वळण देणारा तो दिवस गावांची ठेवण वाचता आल्यामुळे फिरला. शिवार वाचणे म्हणजे काय, याचा याहून मोठा पुरावा दुसरीकडे शोधायला नको. परतीच्या वाटेवर राजूरचा गणपती आहे. गणपतीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते आणि अंगारकीला तिथे लोटणारी गर्दी सांगते की हा मुलूख पाहुण्यांना परका नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो अजिंठ्याचा. जागतिक कीर्तीची लेणी इतकी जवळ असताना पडक्या टेकाडांसाठी आणि कापसाच्या वावरांसाठी दिवस कोण घालवील? पण अजिंठ्याची लेणी हवेत कोरली गेली नाहीत. विहारांना दाते लागत, दात्यांना व्यापार लागे, व्यापाराला भोगवर्धनासारखी नगरे आणि त्यांना धान्य-कापूस पुरवणारी खेडी लागत. अजिंठा पाहून परतणाऱ्याला हा पाया दाखवला नाही, तर त्याने कळस पाहिला पण देऊळ पाहिले नाही, असे होईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुष्काळाने आणि कर्जाने पिचलेल्या गावाचे प्रदर्शन मांडणे हे माणुसकीला धरून आहे का? उत्तर फेरी कोण चालवतो यावर अवलंबून आहे. शहरातली कंपनी गाडी भरून आणून फोटो काढून परत नेणार असेल, तर आक्षेप पूर्ण खरा आहे. पण वाटाड्या गावचा असेल, वावरात पाऊल धन्याच्या परवानगीने पडत असेल आणि जेवणाचे, वेळेचे, माहितीचे दाम त्याच घरी पोहोचत असतील, तर शेतकरी तिथे देखावा राहत नाही. तो शिकवणारा होतो. याची उदाहरणे जिल्ह्यातच आहेत. पाणलोटाच्या कामातून आणि शेततळ्यांतून द्राक्षबागा उभ्या करणाऱ्या कडवंचीला राज्यभरातून शेतकरी अभ्यास दौऱ्यावर येतात. त्याने कडवंचीची मान खाली गेलेली नाही.

तिसरा आक्षेप गर्दीचा. कालव्यांवर वसलेले नेदरलँड्समधले खीटहोर्न हे छोटे गाव पर्यटकांच्या लोंढ्याने त्रस्त झाले आहे, हा इशारा खरा आहे. म्हणूनच एका वेळी एक गाडी, चार-सहा माणसे आणि सोबत एक वाटाड्या ही खासगी फेरीची रीत हसनाबादसाठी योग्य आहे. बसगाड्यांचा तांडा नको. उन्हाळ्यात इथे हिंडणे अवघड आहे, हेही मान्य. पण पेरणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत आणि पुढे रब्बीची ज्वारी निसवेपर्यंतचे महिने पुरेसे आहेत. वर्षभराचा धंदा होण्याची गरज नाही. शेतीला जोड मिळाली तरी खूप झाले.

यासाठी मोठा निधी लागत नाही. राज्याने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले, त्याची चौकट हाताशी आहे. हवे आहेत ते विहिरी, बांध, जुने उतार, पांदण रस्ते आणि देवळे यांची नोंद करणारे गावचे विद्यार्थी, ती नोंद तपासून देणारे विद्यापीठातले अभ्यासक आणि हे सारे पाहुण्यापुढे मांडू शकणारी गावातली चार-पाच शिकलेली मुले-मुली. पदवी घेऊन जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात काम शोधणाऱ्या तरुणांना आपल्याच शिवाराची माहिती हे कमाईचे साधन वाटू लागले, तर आसईचे रण, भोकरदनचे टेकाड आणि अन्व्याच्या मूर्ती जपण्याची जबाबदारी पुरातत्त्व खात्याच्या एका फलकावर राहणार नाही. ज्या वारशावर गावाचे पोट काही अंशी चालते, तो गाव जपतेच. हसनाबादने ही सुरुवात ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या पुढाकाराने येत्या खरिपातच करावी.