हरलेल्या टीमची सुट्टी

मॅगझिनच्या मराठी विभागात लिही, असं एडिटर म्हणाली तेव्हा मी आधी हसलो. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी तिचीच!

इंटर-कॉलेज बास्केटबॉलमध्ये यंदा आपण पहिल्याच राउंडला बाहेर पडलो. त्याच रात्री मेसमध्ये निकाल लागला: पॉइंट गार्ड बदला आणि फर्स्ट इयरमधला कुणीतरी सहा फुटी शोधा. हा पॉइंट गार्ड म्हणजे माझा रूममेट. त्या दिवसापासून तो ग्राउंडकडे फिरकलेला नाही. म्हणून हा लेख.

प्रोफेशनल टीमचा सीझन काही महिन्यांचाच असतो. उरलेला काळ ऑफ-सीझन. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोच कोण, कोणाचा गुडघा बरा झाला, हे सगळं तेव्हाच ठरतं. हरलेल्या टीमला सगळ्यात जास्त मोह होतो तो मोठं नाव विकत घ्यायचा.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. नदीपलीकडे बालेवाडी, तिथली पुणेरी पलटण. प्रो कबड्डीत २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी आठ संघांत आठवी! मग मनजीत छिल्लर, अजय ठाकूर, दीपक निवास हुडा आले आणि २०१६ मध्ये पलटण एकदम तिसरी. म्हणजे मोठी नावं कामाला येतात, हे मी नाकारत नाही.

पण पुढची गोष्ट जास्त शिकवते. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पलटण चॅम्पियन झाली. त्या संघात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई होता, लेफ्ट कॉर्नर, पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं होतं. त्या ऑफ-सीझनला तो हातातून गेला आणि हरियाणाने २ कोटी ७ लाखांना उचलला. पुढच्या सीझनला पलटण बारा संघांत आठवी, आणि २९ डिसेंबर २०२४ ला ट्रॉफी उचलली हरियाणाने, तीही आपल्या बालेवाडीत. (मित्रांनो, जखमेवर मीठ यालाच म्हणतात.)

आता कबड्डीत कॉर्नर गेला की काय होतं ते बघा. मॅटवर सातच जण. तुमचा रेडर बाद झाला की तो बाहेर बसतो. तो परत येणार कधी? समोरच्याचा एक माणूस बाद केलात की. पकड करणारा कॉर्नरच कच्चा असेल तर रेडर बेंचवर बसून राहतो आणि स्कोअरबोर्डवर दिसतं काय, तर 'रेडरला पॉइंट नाहीत'. लोक शिव्या रेडरला देतात. शिवाय त्याच सीझनला पलटणचा कॅप्टन अस्लम इनामदार दुखापतीमुळे मध्येच बाहेर पडला, म्हणजे दोन्हीकडून मार.

सुट्टीत मी चाकणला इन-प्लांट ट्रेनिंग केलं, तिथेही हेच. प्रेसचा डाय झिजलेला, बर्र तिथे येतो, पण पार्ट रिजेक्ट होतो शेवटच्या इन्स्पेक्शनला. मग सुपरवायझर ओरडतो कोणावर? इन्स्पेक्शनवाल्यावर!

पलटणने २०२५ मध्ये कोच बदलला. नवा कोच म्हणजे तोच अजय ठाकूर. शादलुई गुजरातकडे गेला. अस्लम बरा होऊन परतला, घरचे तरुण खेळाडू बरेचसे टिकवले. ३१ ऑक्टोबर २०२५ ला फायनलमध्ये दिल्लीकडून ३१-२८ हरले, पण आठव्यावरून थेट फायनल!

बास्केटबॉलमध्ये असंच डेट्रॉइट पिस्टन्सचं. एनबीएच्या २०२३-२४ सीझनमध्ये सलग २८ मॅचेस हरले, ८२ पैकी फक्त १४ जिंकल्या. त्यांचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅम, आपल्या भाषेत पॉइंट गार्डच. त्याला नाही काढलं. तो आत घुसला की चार जण अंगावर यायचे, कारण बाहेरून बास्केट करणारं फारसं कोणी नव्हतं. मग त्यांनी कोच बदलला आणि त्याच्याभोवती लांबून शूट करणारे आणले: बीझ्ली, हॅरिस, हार्डवे. पुढच्या सीझनला ४४ विजय.

आता आपली स्कोअरशीट. मी गेम्स रूममधून मागून घेतली. २२ फ्री थ्रो मिळाले, गेले ७. हरलो ९ पॉइंट्सनी. पॉइंट गार्डने जे पास दिले, त्यावरच बहुतेक फाउल मिळाले होते. सहा फुटी मुलाने हे १५ फ्री थ्रो आत जाणार आहेत का? तो सापडला तर आनंदच आहे, पण फ्री थ्रोला उंची लागत नाही, कोणी अडवतही नाही. लागते ती रोजची सवय. आणि आपण प्रॅक्टिसमध्ये फ्री थ्रो टाकतच नाही, कारण ते बोअर होतं.

सेमिस्टर ब्रेकनंतर सकाळी सहाला ग्राउंडवर प्रत्येकी पन्नास फ्री थ्रो, असं आम्ही चौघांनी ठरवलंय. किती गेले ते वहीत लिहायला कुणीतरी हवं आहे, खेळता आलं नाही तरी चालेल. रूममेटला हा लेख छापायच्या आधी वाचायला दिला. "पंधरा नाही, त्यातले चार मीच घालवलेत," एवढंच म्हणाला.