वही वाहून गेली तर? आपत्तीतल्या सरकारी अनुदानाविषयी

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, की पूर आला, साथ आली, की सरकार लहान व्यावसायिकांसाठी मदत जाहीर करतं. मग ती कित्येकांच्या हातात का पडत नाही? प्रश्न अर्थशास्त्राचा वाटतो. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मला त्यात आमचाच एक जुना प्रश्न दिसतो. एखादी गोष्ट खरी आहे, हे आपण कशावरून मानायचं?

आधी घरातली गोष्ट सांगतो. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं आणि पाठोपाठ खडकवासल्याचंही. पुण्यात नदीपासून जवळच माझ्या वडिलांचं कापडाचं लहानसं दुकान होतं. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. पाणी ओसरल्यावर गेलो, तर आत गुडघाभर चिखल. माल किती होता, असं कुणीतरी विचारलं. वडील म्हणाले, "ते सगळं वहीत लिहिलेलं होतं." आणि वही दुकानात होती.

आपत्तीचा स्वभाव हा असा असतो. ती माल नेते आणि मालाचा पुरावाही नेते.

आता दोन शब्द वेगळे करून घेऊ: कर्ज आणि अनुदान. 2020 मध्ये टाळेबंदीनंतर केंद्र सरकारनं लहान उद्योगांसाठी 3 लाख कोटी रुपयांची कर्ज-हमी योजना आणली. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी आली, तिच्यात पहिल्यांदा 10,000 रुपयांपर्यंत खेळतं भांडवल मिळे. बातम्यांत याला सरसकट 'मदत' म्हटलं गेलं, पण ही कर्जं होती. कर्ज देणारा पुढचं विचारतो: फेडशील का? अनुदान देणारा मागचं विचारतो: तुझं काय गेलं? आणि जे गेलं ते दाखवायचं कसं, हीच तर अडचण.

22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. महाडचीही तीच गत. ऑगस्टच्या सुरुवातीला राज्य सरकारनं 11,500 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा मोठा, पण त्यातला बराचसा भाग दुरुस्ती आणि दीर्घ मुदतीच्या उपायांसाठी होता. दुकानदारासाठी नियम असा होता: पंचनाम्यातल्या नुकसानीच्या 75 टक्के, किंवा जास्तीत जास्त 50,000 रुपये. टपरीधारकाला जास्तीत जास्त 10,000. हिशेब करून बघा. साधारण 67 हजारांच्या वर नुकसान गेलं, की 75 टक्क्यांना अर्थ उरत नाही. दोन लाखांचा माल गेला असेल, तर हातात येतात पन्नास हजार, म्हणजे चार आण्यांइतकेच.

पण पंचनामा ही फार शहाणी गोष्ट आहे, बरं का. न्यायदर्शनात ज्ञानाची जी साधनं सांगितली आहेत, त्यातली तीन इथे एकत्र येतात. तलाठी येऊन डोळ्यांनी बघतो, हे प्रत्यक्ष. भिंतीवर पाण्याची खूण पाच फुटांवर आहे, म्हणजे खालच्या फळ्यांवरचा माल भिजलाच असणार, हे अनुमान. आणि शेजारचे पंच सांगतात, "हो, यांच्याकडे माल असायचा," हा शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. वही वाहून गेली तरी ही तीन साधनं शिल्लक राहतात.

मग माणूस सुटतो कुठे? त्याच नियमात पुढे अटी होत्या. दुकानदार अधिकृत हवा, स्थानिक रहिवासी हवा, मतदार यादीत नाव हवं, रेशनकार्ड हवं. यातल्या कोणत्या अटीनं नुकसान सिद्ध होतं? एकाही नाही. समजा, एकानं भाड्याचा गाळा घेतला आहे, रेशनकार्ड मात्र गावाकडचं आहे. त्याचा माल तितकाच भिजतो. 'तुझं काय गेलं?' या प्रश्नाच्या जागी 'तू कुठला?' हा प्रश्न येऊन बसतो.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. अटी नसतील तर खोटे दावे येतात. 2020 मध्ये ब्रिटननं दोन्ही अनुभव घेतले. आधी त्यांनी 10,000 पौंडांचं अनुदान दिलं ते जागेवरच्या कराच्या सवलतीची यादी बघून. त्यामुळे बाजारात मांडणी लावणारे बाहेर राहिले, आणि मे महिन्यात त्यांच्यासाठी वेगळा निधी काढावा लागला. उलट, 50,000 पौंडांपर्यंतची हमीची कर्जं त्यांनी अर्जदाराच्या स्वतःच्या शब्दावर दिली, तिथे मोठी फसवणूक झाली.

तेव्हा चुका दोन. नको त्याला देणं आणि हव्या त्याला न देणं. पहिली चूक लेखापरीक्षणात सापडते, तिची चौकशी होते. दुसरीची फाइलच तयार होत नाही. म्हणून अधिकारी पहिलीला घाबरतो, आणि त्यात त्याचा स्वभाव वाईट असतो असं नाही. पण पहिली चूक नंतर वसूल करता येते. बंद पडलेलं दुकान नंतर वसूल करता येत नाही.

उपाय अशक्य नाही. पीएम स्वनिधीतच एक चांगली सोय होती. सर्वेक्षणात नाव सुटलेल्या फेरीवाल्याला स्थानिक संस्थेचं शिफारसपत्र घेऊन अर्ज करता येत असे. म्हणजे यादी हा शेवटचा शब्द नव्हता, यादीबाहेरच्यालाही दार होतं. अनुदानाच्या प्रत्येक नियमात असं एक दार असावं, आणि ते पूर येण्याआधी बांधलेलं असावं.

आणि तुमच्यात कुणी दुकानदार असतील, तर एवढं करा. वहीचे, बिलांचे, भरलेल्या फळ्यांचे फोटो काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. माझ्या वडिलांना ती सोय नव्हती. दुकान पुन्हा उभं राहायला त्यांना सात वर्षं लागली.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.