निघोजचा कातळ आणि लोणारचा काठ

उन्हाळ्यात कुकडीचे पाणी उतरले की निघोजजवळ, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवर, नदीचे पात्र उघडे पडते. काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेले लहानमोठे रांजणखळगे तेव्हा नीट दिसतात. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगर फिरतात, कातळ घासतात आणि स्वतःही गुळगुळीत होतात. पाणी ओसरल्यावर हे गोटे पुष्कळदा त्याच खळग्याच्या तळाशी पडलेले सापडतात. खळगा आणि तो कोरणारा गोटा, दोन्ही एकाच नजरेत! नदीची झीज समजायला सहावीतल्या मुलीला यापेक्षा चांगला धडा कुठल्या पुस्तकात मिळणार?

भूवारसा स्थळांचे शैक्षणिक मोल ठरवताना हाच प्रश्न महत्त्वाचा असतो. पोर्तुगालचे भूशास्त्रज्ञ जोझे ब्रिल्हा यांनी 2016 मध्ये अशा स्थळांना गुण देण्याची एक पद्धत मांडली आणि ती आज बरीच वापरली जाते. तिथवर पोचता येते का, जागा सुरक्षित आहे का, माणसांच्या वावराने ती बिघडेल का, भूशास्त्राचे किती विषय एकत्र दिसतात, अशा अनेक गोष्टी तीत तपासतात. प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंत सगळ्यांना शिकवता येईल अशा स्थळाला जास्त गुण मिळतात. फक्त विद्यापीठातल्याच विद्यार्थ्यांना उमगेल अशा स्थळाला कमी. वैज्ञानिक मोल मात्र वेगळे मोजतात. ही फारकत फार मोलाची आहे, कारण संशोधकाला अनमोल वाटणारी जागा शाळकरी मुलाला मुकी वाटू शकते.

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार या कसोटीला लावून पाहण्यासारखे आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा वाद बराच काळ चालला. सरोवराच्या तळाखालून छिद्रण करून काढलेल्या खडकांत मास्केलिनाइट मिळाले. ही काच प्रचंड आघातानेच तयार होते. 1973 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि उल्कापाताची बाजू भक्कम झाली. पण हा पुरावा सूक्ष्मदर्शकाखालचा. सहलीला आलेली मुले वरून हिरवट पाणी पाहतात, देवळे पाहतात, फोटो काढतात आणि बसमध्ये बसतात.

डोळ्यांना दिसणारा पुरावाही तिथे आहे, फक्त कुणीतरी बोट दाखवायला हवे. दख्खनचे लाव्हाचे थर एरवी जवळजवळ आडवे असतात. विवराच्या काठावर ते उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. एवढे एक दाखवले तरी आघाताची कल्पना येते. वयाची गोष्टही वर्गात रंगेल: आधी सुमारे 52 हजार वर्षे मानले जायचे, पुढे आर्गॉन पद्धतीने ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, त्याचे कारण खारटपणात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. भूशास्त्र, रसायन, जीवशास्त्र असे सगळे एका खोलगट जागेत असताना लोणारचे शैक्षणिक मोल कमी पडत असेल, तर दोष दगडांचा नाही, दाखवणाऱ्यांचा आहे.

अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आणखी वेगळी. निवणारा लाव्हा आक्रसून तडकला, त्यातून उभे राहिलेले तिचे बेसॉल्टचे खांब लाखो मुंबईकर मुलांपासून लोकलच्या अंतरावर आहेत. पण चहूबाजूंनी इमारतींनी वेढल्याने दुरून पूर्ण टेकडी पाहणेच अवघड झाले आहे. जवळ असणे आणि दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी.

शिक्षकांना एक विनंती. सहलीआधी एकदा स्वतः जाऊन या आणि मुलांना नेमके काय दाखवायचे ते ठरवा. निघोजला पावसाळ्यात मुलांना नेऊ नका, कातळ निसरडा असतो. आणि खळग्यांतले गोटे आठवण म्हणून घरी आणू देऊ नका. पुढच्या पुरात त्यांना तिथेच काम आहे.